पाहुण्यांचा डाव

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही गुजराती म्हण महाराष्ट्रातही अनेकांच्या कानावरून गेलेली आहे. जेवावे सुरतेस आणि देह ठेवावा काशीस, असा तिचा भावार्थ. सुरतेची घारी, तेथील उंधियू आणि हिवाळ्यात मिळणारा कोवळ्या जोंधळ्याचा पोंक, म्हणजे आपला हुरडा, यांचा लौकिक पाहता म्हणीत काही अतिशयोक्ती आहे असे निदान सुरतकर तरी मानीत नाहीत. परंतु या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सुरतेस कोणी तरी बाहेरून येणार आणि कोणी तरी त्याला पानावर बसविणार, ही ती गोष्ट. म्हण जेवणाची असली तरी ती पाहुण्याच्या तोंडची आहे. खेळाविषयी बोलताना या पाहुण्याची आठवण होण्याचे कारण असे की, खेळांमध्ये एक प्रकार असा आहे, ज्यात पाहुणा आणि यजमान हे नाते हारजितीइतकेच मोलाचे ठरते. एका गावच्या क्लबाने दुसऱ्या गावच्या क्लबाकडे जाऊन खेळलेला मैत्रीचा सामना, तो हा प्रकार होय.

गोल्फच्या खेळात याचे चित्र फार स्पष्ट दिसते. हौशी खेळाडूंच्या एका क्लबाला दुसऱ्या शहरातील क्लबाकडून आमंत्रण येते. पंधरावीस सभासद पहाटेच सामान बांधून निघतात. त्यांत कोणी डॉक्टर असतो, कोणी कापडाचा व्यापारी, कोणी निवृत्त अधिकारी. त्यांच्यापैकी कोणाचाही खेळ वर्तमानपत्रात छापून येण्याजोगा नसतो. यजमान क्लबाच्या दारात स्वागत होते, चहा होतो, जोड्या ठरतात, आणि सकाळभर हिरवळीवर खेळ चालतो. दुपारी एकत्र भोजन होते. एखादा लहानसा चषक इकडून तिकडे जातो. दोन्ही बाजूंची चार शब्दांची भाषणे होतात, आणि परतीचे आमंत्रण देऊन मंडळी आपल्या गावी जातात. याला सामना म्हणावे की सहल म्हणावे, असा प्रश्न पडेल. दोन्ही म्हणावे, हेच त्याचे उत्तर.

गोल्फ हा खेळ अशा भेटीला विशेष अनुकूल आहे. कमीत कमी फटक्यांत चेंडू एकामागून एक अठरा खळग्यांत घालणे, एवढेच त्याचे सार. परंतु प्रत्येक खेळाडूच्या मागील खेळावरून त्याला द्यावयाची फटक्यांची सूट ठरलेली असते. तिला ‘हँडिकॅप’ म्हणतात. या सुटीमुळे कसलेला खेळाडू आणि बेताचा खेळाडू एकाच डावात उतरू शकतात, आणि बेताच्या खेळाडूलाही जिंकण्याची आशा राहते. २०२० सालापासून जगातील बहुतेक देशांसाठी हँडिकॅपची एकच पद्धत सुरू झाली असून, ज्या मैदानावर खेळावयाचे ते जितके अवघड, तितकी ही सूट वाढविली जाते. म्हणजे परक्या मैदानावर जाणाऱ्या पाहुण्याची अडचणही हिशेबात धरलेली आहे. शिवाय अशा सामन्यात खेळाडूमागे पंच फिरत नाही. गवतात हाताचा किंवा काठीचा धक्का लागून चेंडू हलला, तर तो हलला असे ज्याचे त्याने सांगावयाचे असते. झाडीआड काय घडले हे प्रतिस्पर्ध्याला दिसत नाही. त्याने शब्दावर विश्वास ठेवावयाचा. मैदानावरची विषमता मोजून तिचे निवारण करण्याची एवढी काळजी दुसऱ्या कोणत्याही खेळाने घेतलेली नसेल. प्रश्न आहे तो मैदानाबाहेरच्या विषमतेचा; आणि तो प्रश्न भोजनाच्या वेळी पुढे येतो.

अशा सहलीचे एक फार जुने वर्णन सुरतेचेच आहे. तापीच्या काठी इंग्रजांची वखार १६१३ साली स्थापन झाली. तिला पंचवीस वर्षे झाली असता, १६३८च्या उन्हाळ्यात, योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो नावाचा बाविशीतला जर्मन तरुण तेथे येऊन उतरला. हॉलस्टाइनच्या ड्यूकने इराणच्या शहाकडे पाठविलेल्या वकिलातीबरोबर तो निघाला होता. इराणातून तो हौसेने हिंदुस्थानकडे वळला. वखारीचा प्रमुख विल्यम मेथवोल्ड याने त्याला आपल्याकडे ठेवून घेतले. मांडेल्स्लोच्या प्रवासवर्णनात या वखारीतील आयुष्य मोठ्या बारकाईने आले आहे. रोज दोन वेळा प्रार्थना, रविवारी तीन वेळा; शुक्रवारी संध्याकाळी मुख्य मंडळी एकत्र बसून मायदेशी राहिलेल्या आपापल्या बायकांच्या आठवणीने पेला उचलीत, कारण ती इंग्लंडहून निघाली तो वार शुक्रवार होता. घरापासून सहा-सात महिन्यांच्या जलप्रवासाच्या अंतरावर राहणारी ही माणसे शिस्तीच्या आणि आठवणींच्या आधारावर दिवस काढीत होती.

रविवारच्या प्रवचनानंतर ही मंडळी गावाबाहेरच्या आपल्या बागेत जात आणि तेथे निशाणबाजीचा खेळ चाले. खेळ पैज लावून होई. मांडेल्स्लो मोकळेपणाने सांगतो की, या निशाणबाजीत आठवड्याला शंभर महमुदी आपण कमावीत असू. शंभर महमुदी म्हणजे पाच पौंड. पुढे त्याच शतकात कंपनीच्या कनिष्ठ लेखनिकाचा वर्षाचा पगार दहा पौंड असे, हे ध्यानात घेतले म्हणजे पाहुण्याने यजमानांचा खिसा किती हलका केला याची कल्पना येते. एवढे होऊनही पुढच्या रविवारी त्याला पुन्हा बोलावणे असेच. खेळ संपला की फळे आणि मुरंबे यांचा फराळ होई, पाच फूट पाण्याच्या हौदात स्नान होई, आणि तेथे काही डच स्त्रिया पाहुण्यांची अगत्याने सरबराई करीत. हॉलंडच्या व्यापाऱ्यांची वखारही सुरतेत होती, आणि मसाल्याच्या व्यापारात इंग्रज व डच यांचे हाडवैर होते. पण बागेत तो हिशेब बाजूला राही.

मांडेल्स्लोला एकच गोष्ट सलत होती. त्याला इंग्रजी येत नव्हते. डच भाषा जाणणाऱ्या मेथवोल्डखेरीज कोणाशी त्याला मनमोकळे बोलता येत नसे. निशाणावर नेम धरण्यासाठी भाषा लागत नाही. ती लागते ती नेम धरून झाल्यावर, फळांच्या तबकाभोवती बसल्यावर. परक्या संघात किंवा परक्या गावी खेळावयास गेलेल्या कोणालाही हा अनुभव ओळखीचा वाटेल. यजमानाने मैदान मोकळे करून दिले, तरी पाहुणा आपलासा होतो तो त्याच्याशी कोणी बोलू लागल्यावर. मेथवोल्डने ते केले. १६३९च्या जानेवारीत तो मायदेशी निघाला, तेव्हा हा तरुण त्याच्याबरोबर त्याच जहाजावर होता.

यानंतर पन्नास वर्षांनी, १६८९ साली, जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेच्या प्रवासास निघाला. त्याचे पुस्तक १६९६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या वेळेपर्यंत वखारीचा थाट पुष्कळ वाढला होता. सर्वजण एकाच दालनात जेवीत, परंतु सेवेच्या ज्येष्ठतेनुसार ज्याची त्याची जागा ठरलेली असे. स्वयंपाकाला इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे निरनिराळे आचारी होते. सणावाराला सारी वखार गावाबाहेरच्या बागेत जाई. प्रमुख आणि त्याची पत्नी पालखीत, पुढे निशाणे, रुपेरी साजाचे घोडे, आणि मागे बैलांच्या रथांतून कौन्सिलचे सभासद. मांडेल्स्लोच्या काळची रविवारची सहल आता मिरवणूक झाली होती.

या मिरवणुका शहराच्या डोळ्यांदेखत जात, परंतु बागेतल्या पंक्तीला शहर नसे. दोष एकाच बाजूचा होता असे म्हणता येणार नाही. वीरजी वोरासारख्या धनाढ्य सुरती व्यापाऱ्याकडून कंपनीने वेळोवेळी मोठमोठी कर्जे घेतली. तोंडी शब्दावर मोठाले व्यवहार होत. पण व्यवहार संपला की सावकार आपल्या घरी आणि गोरा आपल्या वखारीत जेवी. हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांना परक्याच्या हातचे चालत नव्हते, आणि गोऱ्यांना ते चालावे अशी गरज भासली नव्हती. दोन्ही पक्षांचा एकमेकांच्या हुंडीवर विश्वास होता, पण पंक्ती वेगळ्या होत्या. पुढे ज्या संस्थांना क्लब आणि जिमखाना ही नावे मिळाली, त्यांच्या दारावरची अदृश्य पाटी अशा सवयींतूनच तयार झाली.

१६८७ साली कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले आणि सुरतेचे वैभव हळूहळू ओसरत गेले. इंग्रजांचे खेळ मोठ्या शहरांत रुजले. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा; ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईस गोल्फ क्लब निघाला तो १८४२ साली. १८६४ साली सुरत आणि मुंबई लोहमार्गाने जोडली गेली, आणि जो प्रवास गलबताच्या व वाऱ्याच्या मर्जीवर चाले तो एका दिवसाचा झाला. ‘फ्लाइंग राणी’ या गाडीचे नाव सुरतकरांइतकेच मुंबईकरांच्याही ओळखीचे आहे. एका गावचा संघ दुसऱ्या गावी जाऊन खेळतो, रात्री घरी परत येतो, ही कल्पना मुळात आगगाडीची देणगी आहे. अंतर असे कमी झाले. दारावरची पाटी मात्र जागच्या जागी राहिली.

ती पाटी किती जाड होती, हे महाराष्ट्रातल्या एका सामन्यावरून कळते. तो सामना गोल्फचा नसून क्रिकेटचा होता. परंतु पाहुण्या संघाच्या सहलीची इतकी अर्थपूर्ण हकीकत दुसरी सापडणे कठीण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या हिंदू क्लबाचा संघ साताऱ्यास गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळावयास गेला. संघात पाळवणकर बाळू हा डावखुरा, संथ गोलंदाज होता. चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या बाळूचे वडील पुण्यास लष्करात नोकरीला होते. बाळू प्रथम पारशांच्या क्लबात आणि मग गोऱ्यांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखी. खेळपट्टी लाटणे, जाळी बांधणे आणि सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करणे हे त्याचे काम. फलंदाजी ही सभासदांची. ती त्याच्या वाट्याला येत नसे. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज तासन्‌तास त्याच्यापुढे सराव करी. ग्रेगला बाद केले की बाळूला आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. साहेबांचा खेळ सुधारावा म्हणून टाकलेल्या त्या हजारो चेंडूंनी बाळूचा हात घडविला.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवावयाचे होते, आणि त्यासाठी बाळू हवा होता. त्याला घ्यावे की नाही यावर वाद झाला, अखेर घेतले. पण ते मैदानापुरते. चेंडू सर्वांनी हाताळलेला चाले. मग चहाची वेळ झाली म्हणजे सहकारी आत बसून कपबशीतून चहा घेत, आणि बाळूला तो बाहेर, मातीच्या भांड्यातून मिळे. तोंड धुवावयाचे असल्यास पाणीही वेगळ्या माणसाने आणून द्यावयाचे. जेवणाचे ताट वेगळे आणि बसावयाची जागाही वेगळी.

अशा स्थितीत संघ साताऱ्यास गेला. बाळूची कीर्ती तेथे आधीच पोहोचली होती. फिरकीला खेळपट्टीची साथ मिळू नये म्हणून सातारच्या जिमखान्याने आठवडाभर तिच्यावर रोलर फिरवून घेतला, असे क्रिकेटचे इतिहासकार सांगतात. खेळपट्टी टणक आणि सपाट झाली म्हणजे संथ गोलंदाजाचा चेंडू वळत नाही, हा त्यामागील हिशेब. बाळूने तरीही सात बळी घेतले आणि पुणेकर सहज जिंकले. त्यानंतर हत्तीवरून त्याची मिरवणूक निघाली, असेही सांगतात. पुण्यास परतल्यावर त्याचा जाहीर सत्कार झाला. जे बाळूबरोबर खेळू शकतात त्यांनी त्याच्याबरोबर खाणेपिणेही केले पाहिजे, असे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्या प्रसंगी बजावल्याची नोंद आहे.

या हकीकतीतला खरा विसंवाद हत्ती आणि मातीचे भांडे यांच्यामधला आहे. विजयाच्या दिवशी बाळूला हत्तीवर बसविणे सोपे होते, कारण हत्ती एका दिवसाचा. पंगतीत शेजारी बसविणे अवघड होते, कारण ते रोजचे. सातारच्या यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून बाळूच्या गुणांची जी कबुली दिली होती, तितकीदेखील त्याच्याच संघाच्या कपबशीने दिलेली नव्हती. रानड्यांनी बोट ठेवले ते नेमके येथे. खेळात घेणे आणि पंक्तीला घेणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतील असे ज्यांना वाटत होते, त्यांना त्यांनी एकाच वाक्यात उत्तर दिले.

बदल होत गेला, पण तो आपोआप झाला नाही. १९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरविले, तेव्हा बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने या विजयात जुन्या समजुती मागे पडत चालल्याचे चिन्ह पाहिले. १९११च्या इंग्लंडच्या दौऱ्यात बाळूने ११४ बळी घेतले. तरीही कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. १९२० साली तर त्याला संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्याचे भाऊ निषेध म्हणून बाहेर राहिले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला, त्याच्या हाताखाली हिंदू संघ जिंकला, आणि त्याला खांद्यावर घेऊन लोक नाचले. पुण्यातल्या मातीच्या भांड्यापासून या खांद्यापर्यंत येण्यास पंचवीसहून अधिक वर्षे लागली होती.

गोल्फच्या हिरवळीवरही दारे अशीच हळूहळू उघडली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जो क्लब निघाला, त्याचे वैशिष्ट्यच हे होते की त्यात हिंदी आणि युरोपियन दोघांनाही सभासद होता येई. आपल्या हिंदी पाहुण्यांना एका गोऱ्या क्लबात प्रवेश नाकारला गेला, त्या अपमानातून ही कल्पना जन्मली, असे सांगतात. एका नाकारलेल्या पंगतीतून एक नवे मैदान तयार झाले. पण श्रीमंत हिंदी गृहस्थाला दार उघडले, तरी काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी आणि गवत कापणारा माळी यांचे काय, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तरही खेळानेच दिले. ज्या कलकत्त्याच्या क्लबाचा वर उल्लेख आला, तेथे हिरवळीची निगा राखणाऱ्या एका कामगाराचा मुलगा मैदानावरच लहानाचा मोठा झाला आणि पाहूनपाहून खेळ शिकला. त्याचे नाव शिवशंकर प्रसाद चौरसिया. २००८ साली दिल्लीच्या मैदानावर झालेली इंडियन मास्टर्स स्पर्धा त्याने युरोपातील नामांकित खेळाडूंना मागे टाकून जिंकली. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपनही त्याने जिंकली. त्याआधी १९९१ साली कॅडीचे काम करून पुढे आलेला अली शेर हा इंडियन ओपन जिंकणारा पहिला हिंदी व्यावसायिक खेळाडू ठरला होता. मैदान लाटणारा बाळू आणि मैदान राखणाऱ्याचा मुलगा चौरसिया यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली. गुणवत्ता तेव्हाही मैदानाच्या कडेलाच उभी होती. तिला आत बोलावणारे कोणी तरी लागत होते, एवढेच.

आजच्या सुरतेत मराठी माणूस परका नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे कापडाच्या धंद्यावर जगतात. ताप्ती मार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगाव या गावांशी त्यांचे जाणेयेणे चालूच असते. त्यांच्यातल्या पोरांनी उद्या एखादा संघ करून अमळनेरास खेळावयास जायचे ठरविले, किंवा हिऱ्याकापडाच्या व्यापाऱ्यांनी गोल्फच्या पिशव्या घेऊन मुंबईचा रस्ता धरला, तरी दोन्ही संघांना कसोटी एकच लागणार आहे. निमंत्रण देणाऱ्याने मैदान स्वच्छ ठेवावे, खेळपट्टी पाहुण्याला अडवण्यासाठी लाटू नये, आणि ज्याला आपली भाषा येत नाही त्याच्याशी मेथवोल्डप्रमाणे आपण होऊन बोलावे. जाणाऱ्याने पडता चेंडू पडला म्हणावा आणि आपल्याच संघातील कोणी वेगळा बसला आहे का, हे भोजनापूर्वी पाहावे.

अशा सहलींत बहुधा एक प्रसंग येतो. सकाळभर काठ्या वाहिलेला कॅडी, पहाटे तीनला उठून गाडी चालवीत आलेला चालक आणि गवतावर पाणी मारणारा माळी ही मंडळी दुपारी भोजनाच्या दालनाबाहेर सावलीत थांबलेली असतात. आत चषकाचे वाटप होते, टाळ्या वाजतात. त्यांचे पान कोठे आणि केव्हा वाढावयाचे, हे यजमान क्लबाच्या चिटणीसाने आदल्या दिवशीच ठरवून ठेवलेले असावे; आणि ते पान आतल्या पानासारखेच, त्याच वेळी, त्याच पदार्थांचे असावे. सामन्याच्या निकालाची नोंद क्लबाच्या वहीत होतेच. पाहुण्यांचा डाव नीट पार पडला की नाही, हे मात्र बाहेर सावलीत बसलेल्यांना विचारावे.